सहा जणांचं सुतक

कोऱ्हाळे, ता. ९ जानेवारी १९५५, रविवार

गुऱ्हाळ लागून आठवडा झाला. रसाचा वास लुगड्याला, केसांना, भाकरीलासुद्धा. चुलवाणापाशी बसून डोळे चुरचुरतात. गुळव्या म्हणतो, चार दिसांनी सवय होईल वहिनी. दर वर्षी हेच म्हणतो.

सकाळी गस्तीचं विमान गेलं, तसे मामंजी म्हणाले, "न्याहारी आणा." त्यांच्याकडे घड्याळ आहे. पोलीस पाटलाला लागतं म्हणून घेतलेलं. पण ते विमानावर जास्त भरवसा ठेवतात. सकाळी जातं, दुपार कलताना परत येतं. समुद्रावर पहारा करतं म्हणे. इथे कुठला समुद्र, मी विचारलं. "मद्रासच्या बाजूचा," हे म्हणाले. ह्यांना सगळं ठाऊक असतं.

अण्णांनी पळसदेवहून ही वही धाडली. लग्नाआधी लिहायचीस तशी लिही, असा निरोप. बापाला मास्तरकीची खोड जात नाही. लिहिण्यासारखं काय घडतं इथे...

ता. १३, गुरुवार

तीळ निवडले. हलव्यासाठी पेटीतली चाळण काढायला गेले तर वरच ती दुपटी. सासूबाईंनी त्यांचं जुनं मऊ लुगडं फाडून दिलं होतं, भाद्रपदात. पोरगी बारशाआधीच गेली. घडीसुद्धा मोडली नव्हती. परत ठेवली.

तिला खालच्या शेतात नेलं, एवढं ठाऊक आहे. तान्ह्या मुलाला जाळत नाहीत, पुरतात. पुरुष जातात. आईनं जायचं नसतं आणि जागा विचारायची नसते. मी विचारली नाही. आता त्या शेतात ऊस डोक्यावर गेलाय. तोडीला आला की बाया तिथे पाचट गोळा करायला जातील. मीही जाईन. कुठे पाय पडेल ते कळायचं नाही.

रडू येत नाही. येईल म्हणून दार लावून बसले होते एकदा. आलं नाही.

ता. १६

शेजारी बोरन्हाण. सासूबाई म्हणाल्या, "तू नगं येऊस, मी जाऊन येते." मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या की त्यांना बरं दिसावं म्हणून, कोण जाणे. आल्या तेव्हा ओंजळीत बोरं होती. ती फडताळात ठेवली. कुणी खाल्ली नाहीत.

आपल्याकडचं हळदीकुंकू रथसप्तमीच्या आत करायचं ठरलं.

ता. २०, गुरुवार

विमान पडलं. आपल्या खालच्या शेतात.

परतीची वेळ. आवाज नेहमीचा नव्हता, अडखळत होता. गुळव्यानं झारा तसाच हातात धरून वर पाहिलं. एका पंखातून धूर. मग ते उसावर आलं. जमिनीला हादरा बसला तो अजून पायांत आहे. काहिलीतला रस हिंदकळला.

सगळे धावले. उसाच्या हिरव्या वाढ्यांनी झोडपून आग आवरली. पाटाचं पाणी फोडलं. जिवंत कोणी नाही. हे सायकलवर बारामतीला गेले फौजदाराला सांगायला.

कोणी येईना. दिवस कलला. गावात मढं असताना चूल पेटवत नाहीत, तशी आज सबंध गावात चूल नाही. पोरांना गूळ दिला. हे परत आले ते एकटेच. फौजदार बंदोबस्ताला बाहेरगावी, उद्या येतो असा निरोप.

मामंजी बांधावर उभे. शंकरभावजी म्हणत होते, "आबा, हुकूम न्हाय. पंचनामा न्हाय. सरकारी मानसं हायती. तुमची पाटीलकी जाईल."

"जाऊ दे."

"सरकार येईल की उद्या."

"सरकार उद्या येईल. कोल्ही आत्ता येत्यात."

खरं होतं. उसात हालचाल सुरू झालीच होती. मग मला म्हणाले, "सूनबाई, मऊ कापाड काय असंल ते दे." मी घरी आले, पेटी उघडली आणि दुपट्यांचं बोचकं उचलून नेलं. विचार करून नाही. वरच होतं. मामंजींनी उघडून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि घेतलं.

गुऱ्हाळाची लाकडं, चिपाडं. एकच चिता. वेगवेगळं करता येण्यासारखं काही राहिलं नव्हतं. किती जण ते कुणी मोजलं नाही. अग्नी कोणी द्यायचा म्हणून लोक एकमेकांकडे बघायला लागले. मामंजींनी पागोटं काढून ह्यांच्या हातात दिलं आणि पुढे झाले.

मग घरोघर चुली पेटल्या. मी पिठलं केलं. मीठ बरोबर पडलं होतं.

मला काहीच वाटलं नाही. याची भीती वाटते.

ता. २१

फौजदार. त्यांच्या मागून मिलिटरीच्या दोन मोटारी.

फौजदार ओट्यावर चढण्याआधीच ओरडायला लागले, "कुणाच्या हुकमानं जाळलं? तुम्हाला कायदा माहीत नाही?"

मामंजी म्हणाले, "साहेब, मला म्हाईत हाय. कोल्ह्यांना न्हवता."

मिलिटरीचा साहेब तरुण होता, अगदी ह्यांच्या वयाचा. तो ओरडला नाही. राखेसमोर टोपी काढून उभा राहिला. सहा जण होते हे आम्हाला त्याच्याकडून कळलं. सहा पेट्या आणल्या होत्या, लाकडी, हातभर लांब. त्यानं मामंजींना विचारलं, कोण कुठला ते कळेल का. मामंजींनी नाही म्हणून मान हलवली. मग त्यांनीच सुपात वेचलं आणि सहा पेट्यांत घातलं. प्रसाद वाटावा तसा सारखा वाटा. साहेब तोंड फिरवून उभा होता.

जाताना तो हळूच म्हणाला, "पाटीलसाब, इनमें एक ईसाई लडका था। वायरलेसवाला."

मामंजींना पहिल्यांदा समजलं नाही. ह्यांनी सांगितलं, "क्रिस्ती, आबा. त्यांच्यात पुरत्यात."

मामंजी तिथेच बांधावर बसले. मोटारी गेल्या तरी उठले नाहीत. भावजी हाक मारायला गेले तर म्हणाले, "मी कुणाला इचारलंच न्हाय रं."

कुणाला विचारणार होते, कळेना.

ता. २३, रविवार

शेतात शिपायांचा पहारा. आपल्याच शेतात आपल्याला मज्जाव. पाण्याची पाळी होती ती गेली, भावजी त्याचं दिवसभर बोलतात. मोठी मोटार आणून इंजिन ओढून काढलं. ते खोल रुतलं होतं. साखळदंड लावले, बांध फुटला, बांधावरच्या बोरीची एक बाजू जळलेली होतीच, आता मुळंही उघडी पडली. पुरुषभर खड्डा झालाय म्हणे.

हे सगळं हे जेवताना सांगत होते. मी वाढत होते. खड्डा नेमका कुठे, असं तोंडाशी आलं होतं. तिची जागा त्यात गेली का राहिली, एवढंच मला कळायला हवंय. कुणाला विचारू? कुणाच्या ते ध्यानातसुद्धा नाही. सगळे सहा जणांचं बोलतात. बरोबरच आहे, ते मोठे होते, सरकारी होते, त्यांना नावं होती.

ह्यांनी आणखी अर्धी भाकरी मागितली.

ता. २५

मामंजींनी मिशी उतरवली. डोकंही. गाव बघायला लोटलं. पाटलाच्या मिशीवर गावात गप्पा चालत. अग्नी दिला त्याला सुतक, म्हणून दहावा होईतो कोपऱ्यात घोंगडीवर. शिवायचं नाही.

सासूबाईंचं हळदीकुंकू बुडालं. "वळख ना पाळख, आन् सुतक! तिळगूळ कुणाला देऊ आता? त्या सहा जणांच्या बायकांना?" मग आपणच गप्प झाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "असतील का गं लग्नं झालेली?"

मी म्हटलं, असेल एखाद्याचं.

गस्तीचं दुसरं विमान आज गेलं. कुणी वर पाहिलं नाही. न्याहारी उशिरा झाली.

ता. २८, शुक्रवार

दुपारी बारामतीच्या मोटारीनं एक म्हातारे आले. कोट, धोतर, काखेत कापडी पिशवी. नगरचे. मिशनच्या दवाखान्यात सुतारकाम करत. याकोबराव साळवे. पिशवीत ती पेटी होती. त्या वायरलेसवाल्या पोराचे वडील.

ओट्यावर बसले. मामंजी समोर घोंगडीवर. त्यांचं भादरलेलं डोकं बघून याकोबराव म्हणाले, "तुमच्या घरात कोन गेलं, पाटील?"

मामंजी म्हणाले, "सहा जण."

याकोबरावांनी पिशवी जवळ ओढून घेतली.

सासूबाईंनी चहा केला. मला खूण केली, बाहेरच्या खुंटीवर असतो तो दांडी तुटलेला कप घे. मला राग आला. आठवडाभरात पहिल्यांदा काहीतरी आलं. मी तो कप घेतला नाही आणि चांगला घ्यायची हिंमतही झाली नाही. दारात उभी राहिले. मामंजींच्या ध्यानात आलं. म्हणाले, "मला सुतक हाय, मला तरी कोन शिवतंय? माझ्या कपातनं द्या त्यांना." मग एकाच कपातून आधी ते, मग मामंजी.

याकोबरावांनी पेटी मांडीवर घेतली. ती चांगली केलेली नव्हती. सुताराचा हात, कोपऱ्यावरून अंगठा फिरवत होते. "पुण्याच्या कचेरीत दिली. तिथं म्हनाले, पाटलानं भरली. म्हनून आलो. खरं सांगा. ह्यात माझा शामू हाय का?"

भावजी पटकन म्हणाले, "हाय की! त्याचीच हाय ती." भावजींनी तोंड उघडायला नको होतं.

मामंजी म्हणाले, "हाय. पन एकलाच न्हाय."

मला वाटलं, म्हातारा आता कोसळणार. ते नुसते पेटीकडे बघत राहिले. "मंजी बाकीच्या पाचांतबी हाय."

"व्हय."

"एक पेटी गंगेला गेली म्हनं. एक पंजाबात." थोडं थांबून, "बरंच हिंडला मग पोरगा."

मामंजींनी हात जोडले. "आमी पुरलं असतं वो. ठावं असतं तर पुरलं असतं. आमाला पुरता येतं."

मी आत गेले. चुलीत फुंकर घालत बसले, जाळ चांगला असताना.

ता. २८, संध्याकाळ

याकोबराव जेवायला थांबले. मग म्हणाले ते असं: त्यांच्या बायकोनं, मार्थाबाईंनी, मिशनच्या दफनभूमीत जागा धरून ठेवलीये. आधीची दोन लेकरं तिथे आहेत, त्यांच्या बाजूला. पण पाळकसाहेब कां कूं करताहेत. कुणाचं काय ते ठाऊक नसताना नाव कसं घालायचं? आणि याकोबरावांना स्वतःलाही तसंच वाटतं. "पेटीत तो चिमूटभर. तुमच्या शेतात जास्त हाय. जिथं जास्त तिथंच ठिवतो. हातभर जागा द्या."

भावजी उठून बाहेर गेले. ओट्यावरून ऐकू येईल इतक्या जोरात: "शेतात क्रिस्तावाची कबर! उद्या नांगर कुठनं घालायचा? भावकी काय म्हनंल? जागा एकदा दिली का ती गेली."

मामंजींनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी मान खाली घातली.

"उद्या सहा जणांचा दहावा हाय. नदीवर जाऊन आलो का जाऊ शेतात," मामंजी म्हणाले.

ता. २९, शनिवार

लिहायला जमेल का बघते.

नदीवर सहा पिंड. याकोबराव लांब, दगडावर उभे होते. कावळ्यांनी वेळ लावला नाही. पुरुष सगळे तिथूनच शेताकडे गेले. भावजीही, तोंड फुगवून. मला पाण्याचा हंडा घेऊन बोलावलं. त्या शेतात जायला आता मज्जाव नव्हता, शिपाई गेलेले.

जळका ऊस, काळा. खड्डा मधोमध. फुटलेला बांध, ती अर्धी बोर. मी सगळीकडे बघत होते. कुठे बघायचं ते ठाऊक नव्हतं.

याकोबरावांनी बोरीखालची जागा निवडली. सावली होती, बांधाचा आडोसा होता. पेटी ठेवली, कोट काढला, कुदळ मागितली. पहिला घाव घालणार तेवढ्यात मामंजी म्हणाले, "थांबा. हितं नको."

भावजी म्हणाले, "बघा, मी म्हनतच हुतो."

"तू गप. याकोबराव, जरा अल्याड घ्या. हितं नको. हितं आमचं हाय एक."

आणि त्यांनी पायानं नाही, वाकून हातानं दाखवलं. बोरीच्या बुंध्यापासून थोडं अलीकडे. एक चपटा दगड. मी त्याला आजवर वाटेत पडलेला साधा दगड समजत होते. खड्डा तिथपर्यंत आला नव्हता. इंजिन ओढताना साखळी तिथून गेली असणार, मातीवर ओरखडा आहे, पण दगड जागेवर आहे.

मामंजी माझ्याकडे बघत नव्हते. कुणीच बघत नव्हतं. मला आता वाटतं, त्यांनी हंडा घेऊन मलाच का बोलावलं? गडी होता की.

याकोबरावांनी विचारलं, "लहान?"

"लहान. बारसं व्हायचं हुतं."

ते दोन हात अलीकडे सरकले. मामंजींनी दुसरी कुदळ घेतली. दोघं म्हातारे मिळून खणत होते, एक भादरलेला, एक कोट काढलेला. हे आणि भावजी उभे. मग ह्यांनी मामंजींच्या हातून कुदळ घेतली. मग भावजींनी याकोबरावांच्या हातून. तोंड अजून फुगलेलंच.

पेटी खाली गेली. याकोबरावांनी डोळे मिटून प्रार्थना म्हटली. मराठीतच होती, सगळी समजली. शेवटी "ह्या लेकरांना" म्हणाले. एकाच्या जागी अनेक. चुकून म्हणाले की मुद्दाम, विचारलं नाही.

मी पाणी दिलं. सगळ्यांना एकाच तांब्यानं.

घरी येऊन धुणं धुतलं. हात चालत होते. अजूनही रडू नाही. पण दगड कुठे आहे ते ठाऊक आहे. डोळे मिटून जाता येईल.

ता. ३१

ह्यांना विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"मीच ठिवला दगूड."

"मग सांगितलं का नाही?"

"तू इचारलं न्हाईस."

"विचारायचं नसतं."

"सांगायचंबी नसतं," हे म्हणाले आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. परत आले तेव्हा दारातच उभं राहून, "इंजिन काढत हुते तवा म्या शिपायांला हात जोडले. म्हनलं, साखळी हिकडनं नगा घेऊ. त्यांनी न्हाय ऐकलं. पर दगूड न्हाय हालला. बघितलं म्या."

म्हणजे हे आठवडाभर शेताकडे का जात होते ते आत्ता कळलं. मी समजत होते, विमान बघायला.

ता. १२ फेब्रुवारी

मामंजींना बारामतीला बोलावलं. जबाब. मामलेदारांनी विचारलं, परवानगी का नाही घेतली. मामंजींनी तेच कोल्ह्यांचं सांगितलं. मामलेदार हसले नाहीत. पाटीलकीचं काय होईल ते वरून कळेल. मिशी पुन्हा वाढायला लागलीये, पण पांढरी.

भावजींनी वाटणीची भाषा काढलीये. खालचं शेत त्यांच्या वाट्याला हवं म्हणतात, पाटाला जवळ आहे. खरंच जवळ आहे. त्यांच्या मनात काय आहे ते त्यांनाच ठाऊक.

गुऱ्हाळ आवरलं.

ता. २७ मार्च, रविवार

मार्थाबाई आल्या, याकोबरावांबरोबर. लहानखुऱ्या, पांढरं पातळ, चालायला काठी. सासूबाईंनी चांगल्या कपात चहा दिला. कुणी काही म्हणायच्या आत दिला, आणि माझ्याकडे अशा पाहिल्या जणू मीच काहीतरी म्हटलं होतं.

मार्थाबाईंना शेतात मी नेलं. पुरुष मागे राहिले. वाटेत त्या शामूचं सांगत होत्या. त्याला वांगं आवडत नसे. पगारातून त्यांना चष्मा करून दिला, तो सैल होतो. विमानातून खाली गावं दिसतात का, त्यांनी विचारलं होतं. तो म्हणाला होता, दिसतात आई, माणसं नाही दिसत, पण धूर दिसतो, चुलींचा. मी म्हटलं, आमच्या गुऱ्हाळाचा दिसला असेल. त्या म्हणाल्या, असेल.

बोरीखाली बसल्या. शामूच्या जागेवर याकोबरावांनी घडवून आणलेला लाकडी क्रूस लावला, बारका, नांगराच्या रुमण्याएवढासुद्धा नाही. मार्थाबाईंनी मातीवर हात ठेवला. रडल्या. चांगल्या रडल्या. मला हेवा वाटला. खरंच वाटला. लिहायला लाज वाटते पण वाटला.

मग डोळे पुसून त्यांनी दगडाकडे बघितलं. "आन् हे?"

मी म्हटलं, "माझं."

हा शब्द मी कुणासमोर पहिल्यांदा उच्चारला. सगळे "आपलं" म्हणतात, "आमचं" म्हणतात.

"मुलगा का मुलगी?"

"मुलगी."

"नाव काय?"

"ठेवलं नव्हतं. बारशाआधी गेली."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागावल्यासारख्या. "आन् मग म्या घरी प्रार्थनेत काय म्हनू? ह्यो शेजार हाय शामूचा. रोज त्याच्यासाठी म्हनते, तिच्यासाठीबी म्हनेन. 'ती पाटलाची' म्हनू का देवाला?"

मी दगडावरची माती हातानं झाडली.

"मग ठिवा की नाव," म्हणाल्या. "कोन नको म्हनतंय?"

काठी टेकत उठल्या. परत येताना वांग्याचं शेत लागलं. तिकडे बघून त्या जरा हसल्या.

ता. ६ एप्रिल, बुधवार

खालचं शेत नांगरलं. खड्डा बुजवला तरी तिथली माती खाली बसतेच आहे, दोनदा भरली. नांगराला अजून पत्र्याचे तुकडे लागतात.

बोरीपाशी आल्यावर ह्यांनी बैल वळवले. बांधापासून दोन कासरे जागा सोडून. भावजी बघत होते. अक्षयतृतीयेनंतर वाटणीचं पक्कं करायचं म्हणतात, आणि मामंजी हो-नाही काहीच म्हणत नाहीत. पाटीलकीचाही हुकूम आलेला नाही. यंदा नांगर वळला. पुढच्या वर्षी कोणाचा नांगर असेल, सांगता येत नाही.

सकाळी विमान गेलं. मामंजींनी वर पाहिलं, विमान पडल्यापासून पहिल्यांदाच. न्याहारी मागितली नाही. दिसेनासं होईपर्यंत पाहत राहिले.

नावाचं काही जमत नाही. दहा दिवस झाले, जाता-येता मनात एकेक घालून बघते. देवीचं घ्यावं तर जड वाटतं. फुलाचं घ्यावं तर ती जेमतेम मूठभर होती, फूल म्हणजे जास्तच झालं. अण्णांना विचारावं तर ते यादीच धाडतील. आणि नाव ठेवायचं म्हणजे कानात सांगायचं असतं. कुठल्या कानात?

आज जेवताना ह्यांनी विचारलं, "ठरलं का?"

मी चमकले. ह्यांना मार्थाबाईंचं बोलणं मी सांगितलं नव्हतं. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"याकोबराव मोटारीत बसताना म्हनले."

"नाही ठरलं अजून."

"घाई काय हाय." भाकरी मोडली, तशीच हातात धरली. मग एक नाव म्हणाले. एकदाच, हळू. अडखळले नाहीत. आत्ता सुचल्यासारखं मुळीच वाटलं नाही. भाद्रपदापासूनच असावं ते त्यांच्याजवळ.

ते इथे लिहीत नाही. उद्या पुन्हा विचारीन. तेच म्हणाले तर बघू.

भांडी घासताना डोळे चुरचुरत होते. गुऱ्हाळ तर कधीच बंद झालंय.